खोटं बोलता न येणारा मुलगा

मार्क हॅडन या इंग्रज लेखकाची 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' ही कादंबरी २००३ साली आली. प्रकाशकांनी ती एकाच वेळी दोन कव्हरांत काढली, एक मोठ्यांसाठी आणि एक मुलांसाठी. आतला मजकूर तोच. त्या वर्षीचं व्हिटब्रेड पारितोषिक तिला मिळालं आणि मुलांच्या पुस्तकाचं गार्डियन पारितोषिकही मिळालं. माझ्या हातात ती फार उशिरा पडली, तीही भाचीच्या कपाटातली तिची शाळेतली जुनी प्रत. बारीकसं पुस्तक, मध्ये मध्ये आकृत्या, नकाशे आणि चेहऱ्यांची चित्रं. वाटलं, पोरांचं असेल, एका दुपारी होईल. झालंही एका दुपारीच, पण मग दोन रात्री झोप नीट लागली नाही.

आमच्या गल्लीतल्या सात-आठ जणी चातुर्मासात दुपारी एकत्र बसतो. थोडं स्वाध्याय, थोडं इकडचं-तिकडचं, आणि कुणी काही चांगलं वाचलं असेल तर ते इतरांना सांगायचं. सगळ्यांना सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं असतं, म्हणून पाचच्या आत सभा बरखास्त. बऱ्याच जणींना इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही. म्हणून ही कादंबरी मी तीन दुपारी मराठीतून सांगितली. पुस्तक वाचताना कळलं नाही असं पुष्कळ काही मला ते सांगताना कळलं. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. खुनी कोण हे लपवून मला पुढं लिहिता येणार नाही. ज्यांना आधी वाचायची आहे त्यांनी ही पानं सोडून द्यावीत.

गोष्ट सांगणारा मुलगा क्रिस्टोफर बून. वय पंधरा वर्षं, तीन महिने, दोन दिवस. इंग्लंडातल्या स्विंडन गावात वडिलांबरोबर राहतो. आई हृदयविकारानं वारली असं त्याला सांगितलेलं आहे. त्याला कुणी हात लावलेला चालत नाही. पिवळा आणि तपकिरी रंग चालत नाही. ताटात एका पदार्थाला दुसरा पदार्थ लागलेला चालत नाही. शाळेच्या बसमधून जाताना ओळीनं चार लाल गाड्या दिसल्या तर दिवस चांगला, चार पिवळ्या दिसल्या तर काळा दिवस, त्या दिवशी तो कुणाशी बोलत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याला राग, लाज, थट्टा यातलं काही वाचता येत नाही. पण गणित येतं. इतकं येतं की प्रकरणांनाही त्यानं एक, दोन, तीन असे आकडे दिलेले नाहीत, फक्त मूळ संख्या दिल्यात. म्हणजे पुस्तक २ पासून सुरू होतं आणि २३३ वर संपतं.

मध्यरात्रीनंतर समोरच्या घराच्या अंगणात वेलिंग्टन नावाचं कुत्रं मेलेलं सापडतं. बागेतला दाताळ्यासारखा काटा त्याच्या अंगात आरपार खुपसलेला. क्रिस्टोफर त्या कुत्र्याला मिठीत घेतो, मालकीण मिसेस शीअर्स आरडाओरडा करते, पोलीस येतो, प्रश्नावर प्रश्न विचारतो आणि शेवटी त्याला उठवायला दंडाला धरतो. क्रिस्टोफर पोलिसाला मारतो. त्याला पोलीस कोठडीत ठेवतात आणि कोठडी त्याला आवडते, कारण ती जवळजवळ बिनचूक घन आहे. आमच्याकडं या ठिकाणी सगळ्या हसल्या. मीही पहिल्यांदा हसलेच होते.

मग तो ठरवतो की शेरलॉक होम्ससारखा तपास करायचा आणि त्याचं पुस्तक लिहायचं. पुस्तकाचं नावही होम्सच्याच 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेतल्या कुत्र्यावरून घेतलेलं आहे, जे रात्री भुंकलंच नाही. शिवॉन नावाच्या त्याच्या शिक्षिका म्हणतात, अरे, खुनाच्या गोष्टीत माणूस मेलेला असतो, कुत्रं नाही. त्याला हे पटत नाही. कुत्राही जीव, मग त्याच्या खुन्याला शिक्षा का नको? आमच्यातल्या एक काकी, ज्यांनी आयुष्यात रहस्यकथा वाचलेली नाही, त्या पटकन म्हणाल्या, "बरोबर आहे की पोराचं. पंचेंद्रिय जीव तो. खून नाही तर काय म्हणायचं त्याला?" पोलिसांना, शेजाऱ्यांना, वडिलांना सगळ्यांना ते 'एक कुत्रं' आहे. फक्त या मुलाच्या आणि आमच्या काकींच्या हिशेबात तो जीव आहे. अहिंसा आपण लहानपणापासून ऐकतो, पण रस्त्यावर कुत्रं मरून पडलं तर महानगरपालिकेला फोन करून मोकळ्या होतो. ते असो.

मराठी किशोर रहस्यकथा म्हटलं की आमच्या पिढीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो. चपळ, हजरजबाबी, सायकलवरून सुसाट जाणारा. गुप्तहेर पोरगा म्हणजे इतरांपेक्षा दोन पावलं पुढं असलेला, ही त्या गोष्टींची रीत. हॅडननं ही रीतच उलटी केलीय. इथं गुप्तहेर सगळ्यात मागं आहे. वाचणाऱ्याला त्याच्या कितीतरी आधी कळतं. शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस अलेक्झांडर त्याला सांगतात की त्याची आई आणि मिस्टर शीअर्स यांचं 'फार जवळचं' होतं, तेव्हा तो शब्द शब्दासारखा लिहून घेतो. आपल्या पोटात खड्डा पडतो, तो मात्र पुढच्या परिच्छेदात काहीतरी गणिताचं समजावत बसतो.

हे जमतं कसं, यावर मी बराच विचार केला. क्रिस्टोफर दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. त्यात आपला अर्थ घालत नाही, कारण अर्थ त्याला लागलेलाच नसतो. आपण बायका शेजारणीचं बोलणं सांगताना चार आणे आपले मिसळतोच. हा काही मिसळत नाही. म्हणून प्रत्येक माणसाची बाजू त्याच्या वहीतून आपल्यापर्यंत शाबूत पोचते. प्रवचनात अनेकान्त समजावताना नेहमी आंधळे आणि हत्ती येतात. मला वाटतं या पुस्तकातला आंधळा फार प्रामाणिक आहे. त्याच्या हाताला जे लागलं तेवढंच तो सांगतो, त्यामुळं हत्ती आपल्याला दिसतो.

वडिलांना तो तपास मान्य नाही. वही सापडते तेव्हा झटापट होते, बाप मुलाला मारतो आणि वही काढून घेतो. ती शोधताना बापाच्या कपाटात, शर्टाच्या खोक्यात, क्रिस्टोफरला पत्रं सापडतात. त्याच्या नावानं आलेली, आईच्या अक्षरातली. पाकिटावरचा शिक्का आई 'वारल्यानंतर' दीड वर्षानं मारलेला. आई जिवंत आहे. मिस्टर शीअर्सबरोबर लंडनला राहते. बापानं मुलाला ती मेली असं सांगितलं आणि पत्रं दडवून ठेवली.

मुलगा पलंगावर उलट्या करून पडतो. बाप येतो, पत्रं बघतो, काय झालं ते ओळखतो. मग न रागावता त्याला उचलतो, न्हाणीघरात नेतो, धुतो, स्वच्छ कपडे घालतो. आणि आता पुन्हा खोटं नको म्हणून हेही सांगून टाकतो की वेलिंग्टनला मीच मारलं. मिसेस शीअर्सशी त्याचं जुळत आलं होतं, ते फिसकटलं, भांडण झालं, राग अनावर झाला आणि समोर कुत्रं आलं.

पहिली दुपार मी इथं थांबवली होती. कुणी उठेना. मग एकीनं विचारलं, "पण धुतलं की हो त्यानं त्या पोराला?" म्हणजे, ज्यानं पोराला धुतलं त्याला खोटारडा म्हणायचं की बाप म्हणायचं? मला त्याचं उत्तर आलं नाही. रहस्यकथेत खुनी सापडला की गोष्ट संपते. इथं खुनी सापडतो तेव्हा पुस्तकाचा चांगला मोठा तुकडा शिल्लक असतो. कारण क्रिस्टोफरच्या दृष्टीनं हिशेब सरळ आहे. ज्यानं कुत्र्याला मारलं तो मलाही मारू शकतो. तो खिशात पाळलेला उंदीर टोबी घेऊन, बापाचं बँकेचं कार्ड घेऊन, जन्मात पहिल्यांदा एकटा लंडनला निघतो.

त्या प्रवासाची पानं सांगून होत नाहीत, वाचायलाच हवीत. आपण स्टेशनवर जातो तेव्हा शंभर पाट्या, आवाज, वास आपोआप गाळले जातात. त्याला ते गाळता येत नाही, सगळंच आत घुसतं. हॅडननं एका पानावर सगळ्या पाट्यांची अक्षरं एकमेकांत मिसळून छापलीत, ती बघताच माझं डोकं भणाणलं. पुढं भुयारी रेल्वेच्या फलाटावरून टोबी रुळांत जातो आणि हा त्याच्या मागं खाली उतरतो. सांगताना माझा आवाज चढला, आणि काकींनी डोळ्यांवर पदर घेतला.

आता सत्याविषयी. क्रिस्टोफर खोटं बोलत नाही. आई म्हणायची की तो चांगला आहे म्हणून. तो म्हणतो, तसं काही नाही, मला ते जमतच नाही. दशलक्षणात उत्तम आर्जव आणि उत्तम सत्य यांवर मी लहानपणापासून प्रवचनं ऐकत आलेय. मनात, वाणीत आणि कृतीत एकच असणं म्हणजे आर्जव. या व्याख्येत हा मुलगा चपखल बसतो. पण व्रत त्यालाच म्हणायचं ना, जे मोडता आलं असतं? ज्याला खोटं जमतच नाही त्याचं सत्य हे पुण्य की नुसता स्वभाव? पहिल्या वाचनात मला वाटलं की लेखकानं आपल्याला एक संत दिलाय. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की तोही पळवाटा काढतो. बापानं तपास करायचा नाही असं वचन घेतलं, तर वचनाचे शब्द तंतोतंत पाळून त्याच्या फटीतून प्रश्न विचारतो. आणि वडिलांना सगळं सांगत नाही, एवढंच सांगतो की जेवढं खोटं होणार नाही. हे आपल्या ओळखीचं आहे. घरोघरी आपण असंच 'खरं' बोलतो. म्हणून तो मला संतापेक्षा मुलगा वाटला, आणि जास्त आवडला.

दुसरी दुपार आईची होती, आणि तिथं आमचं बिनसलं.

"असली कसली आई! पोराला टाकून गेली ती गेली, वर दुसऱ्याबरोबर." हे जवळजवळ सगळ्यांचं मत. मी वाद घातला नाही, तिचं पत्र सांगितलं. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, वाक्यं धडपडतात, आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं उत्तम गद्य तेच आहे. ती लिहिते त्याचा आशय असा: नाताळच्या गर्दीत दुकानात तू जमिनीवर पडून किंचाळायला लागलास, सगळे बघत होते, मग तुला चालवत घरी आणलं. एकदा तू चिडून भाजी चिरायचा पाट फेकलास, माझ्या पायाची बोटं मोडली. महिनाभर मला नीट चालता येईना, तेव्हा तुझे बाबाच तुझं सगळं बघत होते. आणि मला दिसलं की मी मध्ये नसले की तुम्ही दोघं शांत असता. तुझ्या बाबांइतका धीर माझ्यात नाही.

आमच्यात एक वहिनी आहेत. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, तोही स्वमग्न आहे. त्या नेहमी कोपऱ्यात बसतात, वेणीत माळायचं काहीतरी ओवत असतात. दोन दिवस त्या काही बोललेल्या नव्हत्या. त्या दिवशी बाकीच्या उठून गेल्यावर चपला घालताना मला म्हणाल्या, "ताई, त्या पोराला गणित तरी येतंय. आमच्याला शर्टाची बटणं लावता येईनात. त्याच्यावर कोण लिहील पुस्तक?"

पुस्तकाला घ्यावा असा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, आणि तो मला स्वतःला सुचला नव्हता, हे कबूल करते. स्वमग्न मुलगा म्हणजे आत लपलेला गणिती, अशी समजूत या कादंबरीनं आणि तिच्यासारख्या कथांनी जगभर पसरवली. आपल्याकडंही तेच झालं. २००७ साली 'तारे जमीन पर' आला, त्यातल्या ईशानची अडचण डिस्लेक्सियाची, पण त्याला चित्रकलेत पहिलं यावं लागलं, तेव्हा कुठं आपण रडलो. २०१० मध्ये 'माय नेम इज खान' आला, त्यातला नायक अस्पर्जरचा, आणि त्याला तर थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचावं लागलं. मुलाकडं काहीतरी अचाट असेल तरच त्याला प्रेमानं बघायचं, असा हा सौदा आहे. क्रिस्टोफर शेवटी गणिताच्या मोठ्या परीक्षेत पहिला दर्जा मिळवतो. समजा नापास झाला असता, तर? हॅडनला तेवढा धीर व्हायला हवा होता, असं मला आता वाटतं.

स्वमग्न वाचकांनीही या पुस्तकावर टीका केली आहे. हॅडननं स्वतः सांगितलंय की अस्पर्जरवर त्यानं फारसं संशोधन केलेलं नाही, तो त्यातला जाणकार नाही. कथेत त्या स्थितीचं नाव कुठंच येत नाही, ते आलं कव्हरवरच्या मजकुरात. पुढं २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नव्या सूचीत अस्पर्जर हे वेगळं निदानच काढून टाकलं गेलं आणि सगळं स्वमग्नतेच्या एका पट्ट्यात घातलं. आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नताही आहे. कायद्याच्या पुस्तकात त्या वहिनींच्या मुलाला जागा मिळाली, कथेच्या पुस्तकात अजून नाही.

तरी मी वहिनींना एक सांगितलं आणि इथंही सांगते. शिवॉन डाउडची 'द लंडन आय मिस्टरी' वाचा. २००७ सालची. त्यातला टेड बारा वर्षांचा आहे, त्याचं डोकं इतरांपेक्षा वेगळ्या पद्धतीनं चालतं, हवामानाचं त्याला वेड. त्याचा मावसभाऊ सलीम लंडनच्या त्या प्रचंड पाळण्यात चढतो आणि पाळणा खाली आल्यावर त्यातून उतरतच नाही. टेडच्या बरोबरीला त्याची बहीण कॅट आहे. ती त्याच्यावर वैतागते, भांडते, त्याला मध्येच सोडून निघते आणि पुन्हा परत येते. क्रिस्टोफरला भावंड नाही. ज्या घरात असं मूल असतं तिथल्या बहिणीचं काय होतं, हे डाउडनं बघितलंय. रहस्य म्हणूनही ती गोष्ट जास्त घट्ट बांधलेली आहे. पण मनात राहते ती हॅडनचीच, हे खरं.

का राहते? मला वाटतं, सांभाळण्याचं ओझं कुणी कुणावर टाकलं हे त्यानं लपवलं नाही म्हणून. आपल्याकडच्या कथांत असं मूल असलं की आई म्हणजे मूर्तिमंत त्याग आणि बाप कामावर. इथं बाप स्वयंपाक करतो, धुतो, शाळेशी भांडतो, आणि थकून, एकटेपणानं, रागानं एक दिवस कुत्र्याला मारतो. आई पळून जाते, आणि मुलगा दारात येऊन उभा राहतो तेव्हा त्याला एका शब्दानं न हिडीसता आत घेते. त्याच्यापायी नोकरी घालवते, त्या मिस्टर शीअर्सला सोडते आणि मुलाला घेऊन स्विंडनला परत येते. दोघांतलं कोण चांगलं, याचा निकाल लेखक देत नाही. मुलाला मिठी चालत नाही, म्हणून आई काय, बाप काय, पंजा पंख्यासारखा उघडून पुढं धरतात आणि तो आपली बोटं त्यांच्या बोटांना टेकवतो. तेवढीच त्यांची मिठी. बाकीची पात्रं, विशेषतः मिस्टर शीअर्स, कागदाची आहेत. शिवॉनबाई जरा जास्तच चांगल्या आहेत, अशी शिक्षिका आपल्या शाळांत सापडली तर मला जरूर कळवा.

तिसऱ्या दुपारी क्षमेचा भाग आला. मुलगा बापाशी बोलायला तयार नाही. बाप म्हणतो, फक्त पाच मिनिटं दे. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ पाच मिनिटांवर लावतो आणि तेवढ्यात बोलतो. सांगतो की तू माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवायला शिकणं ही मोठी गोष्ट आहे, तिला दिवस लागतील, कितीही लागोत. आणि सोनेरी केसांचं एक पिल्लू आणून देतो. आपल्याकडं क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर शंभर जणांना 'उत्तम क्षमा' जाते, त्यातल्या नव्वद जणांशी आपलं काही वाकडं नसतं. ज्याच्याशी आहे त्याचा नंबर आपण गाळतो. हे मी मंडळात बोलले तेव्हा दोघी-तिघी छताकडं बघायला लागल्या. मीही कुणाला गाळलंय ते मला माहीत आहे.

या कादंबरीवर सायमन स्टीफन्सनं नाटक केलं. २०१२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरनं ते बसवलं, पुढच्या वर्षी त्याला सात ऑलिव्हिए पारितोषिकं मिळाली. शेवटाला नाटककारानं एक लहानसा बदल केला. कादंबरीत क्रिस्टोफर म्हणतो की मी लंडनला एकटा गेलो, खुनी शोधला, पुस्तक लिहिलं, म्हणजे मला काहीही करता येईल. नाटकात तो हे शिवॉनबाईंना प्रश्न म्हणून विचारतो. मला काहीही करता येईल ना? पुन्हा पुन्हा विचारतो.

वहिनींनी ओवता ओवता हात थांबवला. "मग बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही," मी सांगितलं. "त्या उत्तर देत नाहीत."

"बरं केलं," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा सुई हातात घेतली.